संप मोडणारा कामगारनेता

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला असलेल्या बरबँक विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात ६ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी एकही नियंत्रक नव्हता. दुपारी सव्वाचारपासून रात्री दहापर्यंत तेथील विमानांना सॅन डिएगोतील केंद्रातून सूचना दिल्या जात होत्या आणि प्रवासी तासन् तास ताटकळत होते. खर्चाच्या विधेयकावर काँग्रेसमध्ये एकमत न झाल्याने १ ऑक्टोबरपासून अमेरिकी सरकारचे कामकाज बंद पडले होते. हवाई वाहतूक नियंत्रकांना मात्र कामावर येणे बंधनकारक होते. पगार कधी होणार, हे त्यांना कोणी सांगू शकत नव्हते.

याच बरबँकमध्ये वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ आहे. १९३७ साली तेथे आठवड्याला २०० डॉलरच्या करारावर एक तरुण नट दाखल झाला होता. पुढे तो नटांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला आणि अखेर अमेरिकेचा अध्यक्ष झाला. बरबँकच्या त्या रिकाम्या मनोऱ्याची गोष्ट सांगायची, तर रोनाल्ड रेगन यांच्या आयुष्यापासूनच सुरुवात करावी लागते.

रेगन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९११ रोजी इलिनॉय राज्यातील टॅम्पिको या लहानशा गावी झाला. वडील जॅक बुटांच्या दुकानात विक्रेते होते. दारूच्या व्यसनापायी त्यांचे बस्तान कोठेच नीट बसले नाही आणि बिऱ्हाड गावोगाव फिरत राहिले. आई नेल धर्मपरायण आणि खंबीर होती, तिनेच घर सावरले. कुटुंब पुढे डिक्सन गावी स्थिरावले. तेथील रॉक नदीवर रेगन यांनी अनेक उन्हाळे जीवरक्षक म्हणून काढले आणि ७७ जणांना बुडताना वाचवल्याचा लौकिक मिळवला. मंदीच्या काळात वडिलांची नोकरी गेली, तेव्हा रुझवेल्ट सरकारच्या मदतकार्यातील कामाने या घराला आधार दिला. सरकारी पगाराची किंमत या घराला ठाऊक होती. पुढच्या रेगन यांना समजून घेताना ही बाब नजरेआड करता येत नाही.

त्यांच्या आयुष्यातील पहिला संपही याच काळातला. युरेका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असताना, १९२८ मध्ये, खर्चकपातीसाठी काही विषय बंद करण्याची योजना प्राचार्यांनी मांडली. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी वर्गावर बहिष्कार टाकला. त्या सभेत बोलण्यासाठी नवख्या रेगनना पुढे करण्यात आले आणि त्यांनी सभा जिंकली. काही दिवसांतच प्राचार्यांनी राजीनामा दिला. आपल्या बोलण्याने माणसे उठून उभी राहतात, हे त्यांना तेथे प्रथम उमगले.

१९३२ मध्ये पदवी घेऊन ते आयोवात नभोवाणीवर निवेदक झाले. शिकागो कब्ज संघाचे बेसबॉलचे सामने ते दूर डे मॉइनमधल्या स्टुडिओत बसून रंगवीत. समोर मैदान नसे, तारयंत्रावर आलेली त्रोटक अक्षरे असत आणि उरलेले चित्र कल्पनेने पुरे करायचे असे. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियाला गेलेले असताना त्यांनी कॅमेऱ्यापुढे चाचणी दिली आणि ते वॉर्नर ब्रदर्सचे झाले. चित्रपटांची संख्या पन्नासच्या वर गेली, पण १९४२ च्या ‘किंग्ज रो’सारखे अपवाद वगळता त्यांच्या वाट्याला फार मोठे यश आले नाही. महायुद्धात अधू दृष्टीमुळे ते आघाडीवर गेले नाहीत, लष्कराच्या चित्रपट विभागात राहिले. अभिनेत्री जेन वायमन यांच्याशी १९४० मध्ये झालेला विवाह दशकाच्या अखेरीस मोडला, आणि १९५२ मध्ये नॅन्सी डेव्हिस त्यांच्या आयुष्यात पत्नी म्हणून आल्या.

पडद्यापेक्षा संघटनेतले त्यांचे काम अधिक ठसठशीत होते. स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचे ते १९४७ ते १९५२ या काळात अध्यक्ष होते आणि १९५९ मध्ये पुन्हा त्या पदावर आले. चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवला की निर्मात्याला नव्याने पैसे मिळत, नटांच्या हाती काहीच पडत नसे. त्यातला वाटा मागण्यासाठी ७ मार्च १९६० रोजी नटांनी काम थांबवले. मोठ्या स्टुडिओंविरुद्ध गिल्डने पुकारलेला हा पहिलाच संप होता आणि वाटाघाटींच्या टेबलावर गिल्डच्या बाजूने रेगन बसले होते. सहा आठवड्यांनी तडजोड झाली. १९६० नंतरच्या चित्रपटांसाठी वाटा मिळाला, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्याची सोय झाली, आधीच्या चित्रपटांवरचा हक्क मात्र सोडून द्यावा लागला. काही जुन्या नटांनी त्याबद्दल रेगनना कधी क्षमा केली नाही. तरीही हॉलिवूडमधल्या लहानमोठ्या नटांना पुढे जी निवृत्तिवेतने मिळाली, त्यांचा पाया या संपाने घातला. कामगार संघटनेचे नेतृत्व करून व्हाइट हाऊसमध्ये पोहोचलेला दुसरा अध्यक्ष अमेरिकेच्या इतिहासात नाही.

या काळातली आणखी एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. रेगन यांना विमानाची भीती वाटे. १९५४ ते १९६२ या आठ वर्षांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे प्रवक्ते म्हणून त्यांनी देशभरातील सव्वाशेहून अधिक कारखाने पालथे घातले, पण हा सारा प्रवास आगगाडीने केला. विमानात बसायचे नाही, ही त्यांची अट होती. गव्हर्नरपदाच्या १९६६ च्या निवडणुकीचा प्रचार समोर आला, तेव्हा कॅलिफोर्नियासारखे विस्तीर्ण राज्य आगगाडीने फिरणे अशक्य ठरले आणि नाइलाजाने ते पुन्हा विमानात चढले.

त्याच आगगाडीच्या प्रवासांत त्यांचे राजकारण बदलले. तरुणपणी रुझवेल्टभक्त असलेले रेगन हळूहळू सरकारच्या वाढत्या पसाऱ्याचे टीकाकार झाले. १९६२ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडला, १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांच्यासाठी केलेल्या दूरचित्रवाणी भाषणाने ते रिपब्लिकन पक्षाचे आशास्थान ठरले आणि १९६७ ते १९७५ अशी आठ वर्षे गव्हर्नर राहिले. पण ते संघटनांच्या मुळावरच उठले होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या १९६८ च्या कायद्यावर गव्हर्नर म्हणून सही आहे ती रेगन यांचीच.

१९८० च्या निवडणुकीत बहुतेक कामगार संघटना जिमी कार्टर यांच्या पाठीशी उभ्या होत्या. हवाई वाहतूक नियंत्रकांची पॅटको ही संघटना मात्र रेगन यांच्याकडे गेली. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे विमान वाहतूक प्रशासनाशी वर्षानुवर्षे खटके उडत होते. यंत्रसामग्री जुनाट होती, माणसे अपुरी होती, कामाचा ताण असह्य होता. नियंत्रकाच्या हातून झालेल्या क्षणभराच्या चुकीने शेकडो जीव जाऊ शकतात, आणि हे ओझे तो आठवड्यातले सगळे कामाचे तास वाहत असतो. संघटनेचे अध्यक्ष रॉबर्ट पोली यांना रेगन यांनी २० ऑक्टोबर १९८० रोजी एक पत्र पाठवले. नियंत्रकांना अद्ययावत साधने देऊ, त्यांची संख्या आणि कामाचे दिवस यांचा सुरक्षिततेशी मेळ घालू, अशी हमी त्यात होती. तीन दिवसांनी पॅटकोने त्यांना पाठिंबा जाहीर केला. रेगन ४४ राज्ये जिंकून अध्यक्ष झाले. आपला माणूस सत्तेवर आला, असे नियंत्रकांना वाटले असेल, तर त्यात अस्वाभाविक काही नव्हते.

वाटाघाटींत पॅटकोने प्रत्येकाला वर्षाला १० हजार डॉलरची वाढ, ३२ तासांचा आठवडा आणि लवकर निवृत्ती मागितली. रेगन सरकारने इतर सरकारी कर्मचाऱ्यांना मिळणार होते त्याहून अधिक देऊ केले. जून १९८१ मध्ये सुमारे चार कोटी डॉलरचा तात्पुरता करारही झाला, पण सभासदांनी तो ९५ टक्के मतांनी फेटाळला. मनुष्यबळाचा आणि थकव्याचा मुद्दा पैशांच्या आकड्यांखाली झाकला गेला. बहुसंख्य अमेरिकनांपेक्षा अधिक कमावणारे हे लोक आणखी मागत आहेत, एवढेच जनतेच्या लक्षात राहिले. डावपेच म्हणून ही संघटनेची घोडचूक होती. दुसरी चूक त्याहून मोठी होती. संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना संप करणे कायद्याने गुन्हा होता आणि नोकरीत येताना प्रत्येकाने संप न करण्याची शपथ घेतलेली होती. विमाने थांबली की सरकार नमेल, हा हिशेब त्यांनी धरला. पण संप झालाच तर वाहतूक कशी चालवायची, याची योजना कार्टर यांच्या काळातच तयार झाली होती, याचे गांभीर्य त्यांनी ओळखले नाही.

३ ऑगस्ट १९८१ च्या सकाळी सात वाजता सुमारे १३ हजार नियंत्रक कामावरून बाहेर पडले. काही तासांतच रेगन व्हाइट हाऊसच्या गुलाबबागेत पत्रकारांसमोर आले. मार्चच्या अखेरीस त्यांच्यावर गोळीबार झाला होता, त्यातून ते नुकतेच बरे झाले होते आणि लोकांची सहानुभूती त्यांच्या बाजूने होती. संघटना चालवण्याच्या आणि संप करण्याच्या स्वतःच्या अनुभवाचा त्यांनी आवर्जून उल्लेख केला. खासगी कारखाना बंद पडू शकतो, सरकारला मात्र स्वतःचे काम बंद ठेवता येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ४८ तासांत न परतणाऱ्यांची नोकरी संपेल, असे त्यांनी जाहीर केले. जेमतेम १,३०० जण परतले. ५ ऑगस्टला ११,३४५ नियंत्रकांना बडतर्फ करण्यात आले. त्यांना संघराज्याच्या नोकरीचे दरवाजे बंद झाले. ऑक्टोबरमध्ये पॅटकोची मान्यताही गेली.

बडतर्फ झालेल्यांत व्हिएतनामहून परतलेले माजी सैनिक बरेच होते. गावोगावच्या विमानतळांवरची ही माणसे एका आठवड्यात बेकार झाली. त्यांच्याजवळ असलेल्या कौशल्याला अमेरिकेत जवळपास एकच गिऱ्हाईक होते आणि त्याने दार लावून घेतले होते. घरे विकली गेली, संसार मोडले. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या कामगारांच्या मोर्चात अडीच लाखांवर लोक सहभागी झाले. रेगन यांनी निर्णय बदलला नाही. त्याच डिसेंबरमध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला, तेव्हा सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेच्या बाजूने जगात सर्वांत ठामपणे उभे राहिले ते रेगनच. ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी पुढे वारंवार दाखवली. त्यांचे सहकारी मात्र सांगत राहिले की, ऑगस्टमधल्या त्या कणखरपणाची खरी दखल मॉस्कोने घेतली.

आकाश ओस पडले नाही. पर्यवेक्षक, संपात न गेलेले नियंत्रक आणि लष्कराकडून उसने घेतलेली माणसे यांच्या बळावर वाहतूक चालू राहिली. गर्दीच्या विमानतळांवरची उड्डाणे मात्र मोठ्या प्रमाणात कमी करावी लागली. ओक्लाहोमा सिटीतील प्रशिक्षण अकादमीत नव्या भरतीचे लोंढे सुरू झाले. नियंत्रक पूर्ण तयार व्हायला साधारण दोन ते चार वर्षे लागतात, त्यामुळे मनोऱ्यांतली कमतरता अनेक वर्षे रेंगाळली. खासगी मालकांनीही धडा घेतला. १९७० च्या दशकात अमेरिकेत दर वर्षी सरासरी अडीचशेहून अधिक मोठे संप होत. १९८२ पासून हा आकडा एकदाही शंभरावर गेलेला नाही.

याच वर्षी आणखी एक घटना घडली. तिची चर्चा त्या मानाने फार कमी होते. काँग्रेसने पैसे मंजूर केले नाहीत तर सरकारी खात्यांनी काम थांबवलेच पाहिजे, असे मत कार्टर यांचे महाधिवक्ता बेंजामिन सिव्हिलेटी यांनी १९८० मध्ये दिले होते. रेगन सत्तेवर येण्याच्या काही दिवस आधी, जानेवारी १९८१ मध्ये, त्यांनी त्यात एक अपवाद स्पष्ट केला. जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक कामे चालू राहू शकतील. त्याआधी पैसे संपले तरी खाती कशीबशी चालत राहत. २३ नोव्हेंबर १९८१ रोजी रेगन यांनी खर्चाच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला, कारण त्यांना हवी तेवढी कपात त्यात नव्हती. सुमारे २ लाख ४१ हजार कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. हा पेच दिवसभरात सुटला, पण पायंडा पडला. रेगन यांच्या दोन कार्यकाळांत असे निधीचे खंड आठ वेळा पडले. त्यांतले बहुतेक काही दिवसांचेच होते.

ऑगस्टमध्ये नियंत्रकांनी काम थांबवले, तेव्हा सरकारला स्वतःचे काम बंद ठेवता येत नाही, असे रेगन यांनी सांगितले होते. चार महिने उलटण्याआधीच सरकारचा मोठा भाग त्यांनी स्वतःच्या सहीने बंद केला. या दोन निर्णयांच्या मधोमध अमेरिकेचा हवाई वाहतूक नियंत्रक कायमचा उभा राहिला. तो अत्यावश्यक आहे, म्हणून शटडाऊनमध्ये त्याला घरी बसता येत नाही. सरकारी नोकर आहे, म्हणून त्याला संप करता येत नाही. आणि तिजोरी बंद आहे, म्हणून त्याला पगार मिळत नाही. रेगन यांनी हे सारे ठरवून घडवले, असे कोणी म्हणणार नाही. परिणाम मात्र तोच झाला.

रेगन १९८४ मध्ये ४९ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याच्या प्रकरणाने त्यांची प्रतिमा डागाळली आणि गोर्बाचेव्ह यांच्याशी डिसेंबर १९८७ मध्ये केलेल्या क्षेपणास्त्र कराराने ती पुन्हा उजळली. त्याच १९८७ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, नव्या नियंत्रकांनी नॅटका ही आपली संघटना उभारली. कारण जुनेच होते, अपुरी माणसे आणि अवजड काम. ही संघटना संपाचा शब्दही उच्चारत नाही. बडतर्फांवरची बंदी क्लिंटन यांनी १९९३ मध्ये उठवली, तोवर त्यांच्यातल्या बहुतेकांचे वय उलटून गेले होते.

१९९४ च्या नोव्हेंबरमध्ये रेगन यांनी स्वहस्ते लिहिलेल्या पत्राने आपल्याला अल्झायमर झाल्याचे देशाला कळवले. ६ फेब्रुवारी १९९८ रोजी, त्यांच्या ८७ व्या वाढदिवशी, वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले. देशात इतक्या इमारती आणि रस्ते असताना नेमका विमानतळच निवडला गेला, हे नोकरी गमावलेल्या नियंत्रकांना लागले असेल, तर नवल नाही. स्वतः रेगन यांना त्या सन्मानाचा अर्थ कितपत कळला असेल, हे सांगणे कठीण आहे. ५ जून २००४ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले.

१९८१ नंतर एकदम भरती झालेली पिढी एकदमच वयस्कर झाली. नियंत्रकाला ५६ व्या वर्षी सक्तीने निवृत्त व्हावे लागते आणि ३१ वर्षांपुढच्या उमेदवाराला सहसा प्रवेश मिळत नाही. त्यामुळे नव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत निवृत्तीची लाट आली. २०१३ मध्ये खर्चकपातीने भरती गोठवली, त्या वर्षीच्या आणि २०१८-१९ च्या शटडाऊनमध्ये अकादमीला टाळे लागले आणि २०२० मध्ये करोनाने प्रशिक्षण थांबवले. साऱ्याचे खापर रेगन यांच्यावर फोडणे अन्यायाचे होईल, त्यांच्यानंतरच्या प्रत्येक सरकारने या खड्ड्यात थोडी भरच घातली. २५ जानेवारी २०१९ रोजी, ३५ दिवसांच्या शटडाऊनच्या अखेरच्या दिवशी, पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्रांतील मूठभर नियंत्रक कामावर आले नाहीत आणि न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने रोखावी लागली. त्याच दिवशी राजकीय तोडगा निघाला. जे १३ हजारांच्या संपाला जमले नाही, ते काही आजारपणाच्या रजांनी घडवले.

२०२५ च्या शटडाऊनपर्यंत नियंत्रकांची कमतरता सुमारे तीन हजारांवर पोहोचली होती. हे शटडाऊन ४३ दिवस चालले, तोवरचे सर्वांत दीर्घ. ऑक्टोबरच्या अखेरीस नियंत्रकांच्या हाती पूर्ण कोरी पगारपत्रके आली. काहींनी कामाच्या पाळीनंतर भाड्याच्या गाड्या चालवल्या किंवा घरोघरी खाद्यपदार्थ पोहोचवले. रेगन यांच्या नावाच्या विमानतळावरही विमाने खोळंबली. ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे सरकारला आधी चार आणि मग सहा टक्क्यांनी कमी करावी लागली. हजारो उड्डाणे रद्द झाली. नॅटकाच्या नेत्यांनी सभासदांना कामावर राहण्याचे आणि कोणतीही सामूहिक कृती न करण्याचे आवाहन केले. १९८१ त्यांच्यातला कोणीही विसरलेला नव्हता.

१२ नोव्हेंबरला सरकार पुन्हा सुरू झाले. संपूर्ण काळात एकही दिवस गैरहजर न राहिलेल्या ७७६ नियंत्रक आणि तंत्रज्ञांना बक्षीस जाहीर झाले. रक्कम होती प्रत्येकी १० हजार डॉलर, म्हणजे पॅटकोने १९८१ मध्ये प्रत्येक नियंत्रकासाठी मागितलेल्या वार्षिक वाढीएवढी.